परत वाढवण्याचा हिशेब

2022 च्या डिसेंबरात पणजीला मांडवी नदीत उभ्या असलेल्या एका कॅसिनोच्या बोटीवर मी 100-200 रुपयांच्या ब्लाइंडच्या पोकर टेबलावर बसलो होतो. ब्लाइंड म्हणजे पाने वाटण्याआधी डीलरच्या खुणेच्या डावीकडच्या दोघांनी सक्तीने लावायची रक्कम : पहिल्याची स्मॉल, दुसऱ्याची बिग. रात्रीचे अकरा वाजून गेले होते आणि तीन तासांत खेळण्यासारखी पाने जवळजवळ आलीच नव्हती. मग स्मॉल ब्लाइंडवर असताना मला राजांची जोडी मिळाली. बटनवर, म्हणजे डीलरच्या खुणेच्या जागेवर, बसलेल्या ठाण्याच्या एका गृहस्थांनी 800 केले, मी 3,000 केले, बिग ब्लाइंडने पाने टाकली. त्या गृहस्थांनी आपल्या पानांचे कोपरे पुन्हा एकदा उचलून पाहिले, क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि दोन राण्या उताण्या करून टेबलाच्या मध्यभागी सरकवल्या. ‘‘अहो, तीन तासांत तुम्ही हे पहिल्यांदा केलंत,’’ ते शांतपणे म्हणाले. ‘‘तुम्ही परत वाढवलंत की तुमच्याकडे एक्के नाहीतर राजेच असणार. मग मी पैसे कशाला घालू?’’

त्या हातात मला 1,000 रुपये मिळाले. राण्यांच्या जोडीविरुद्ध राजांची जोडी पाचांपैकी चार वेळा जिंकते, आणि असा योग एका रात्रीत क्वचितच जुळून येतो. तो जुळून आला तेव्हा समोरच्या माणसाने हजार रुपयांवर माझी बोळवण केली होती, आणि तेही केवळ मी कसा खेळतो हे बरोबर ओळखून. बोटीवरून जेटीवर परतताना माझ्या मनात एकच विचार होता : त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते.

पोकरच्या या प्रकारात प्रत्येकाला दोन पाने मिळतात आणि मग टेबलावर सगळ्यांसाठी पाच पाने उघडतात. त्यांतली पहिली तीन एकदम येतात, तो फ्लॉप. फ्लॉपच्या आधी ब्लाइंड ही पहिली बोली धरली जाते, ती कोणी वाढवली की दुसरी होते, आणि त्या वाढीवर पुन्हा वाढ केली की ती तिसरी. म्हणून तिला थ्री-बेट म्हणतात. मी ऑनलाइन सहाजणांच्या टेबलावर तीन वर्षे नियमित खेळत होतो आणि खेळलेल्या प्रत्येक हाताची नोंद माझ्या संगणकावर होती. पुण्याला परतल्यावर मी त्या नोंदींतून फक्त एवढेच काढले, की मला परत वाढवण्याची संधी किती वेळा मिळाली आणि त्यांपैकी किती वेळा मी वाढवले. उत्तर अडीच टक्क्यांच्या थोडे वर आले. दोन पानांचे एकूण 1,326 संच होतात. एक्के, राजे आणि राण्या या तीन जोड्यांचे प्रत्येकी 6 असे 18 संच, आणि एक्का-राजाचे 16, एकूण 34. या 34 ला 1,326 ने भागले तर 2.6 टक्के येतात. म्हणजे माझी आकडेवारी पाहणाऱ्या कोणालाही माझी पाने उघडी करून पाहण्याची गरज नव्हती. ती आकडेवारीतच छापलेली होती.

माझा व्यवसाय बांधकामाची अंदाजपत्रके तयार करण्याचा आहे. साइटवर झालेले काम मोजमाप पुस्तिकेत लांबी, रुंदी, उंचीसह लिहिले जाते आणि बिल त्यावरच निघते. ‘साधारण इतके झाले असेल’ असे त्या पुस्तिकेत चालत नाही. पोकरमध्ये मात्र मी इतकी वर्षे साधारणच खेळत होतो. म्हणून एक कोरी, आखीव वही घेतली आणि पहिल्या पानावर सर्वांत साधी परिस्थिती लिहिली : बटनवाला अडीच ब्लाइंडची बोली लावतो, स्मॉल ब्लाइंड पाने टाकतो, मी बिग ब्लाइंडवर आहे, दोघांकडे शंभर-शंभर ब्लाइंड आहेत (रक्कम बिग ब्लाइंडच्या पटीत मोजली आहे).

पहिले गणित ब्लफचे, म्हणजे कमजोर पानांवर वाढवून समोरच्याला पाने टाकायला लावण्याचे. मी 11 ब्लाइंडपर्यंत वाढवले तर माझे नवीन 10 जातात, आणि पॉटमध्ये, म्हणजे मध्ये जमलेल्या पैशांत, त्याचे अडीच, माझा एक आणि स्मॉल ब्लाइंडचा अर्धा असे 4 आधीच आहेत. म्हणजे 4 मिळवण्यासाठी मी 10 धोक्यात घालतो, आणि नुसत्या ब्लफवर हे परवडायचे तर त्याने शंभरात 71 हून अधिक वेळा पाने टाकली पाहिजेत. हा आकडा पाहून मी प्रथम निराश झालो, कारण कोणताही बरा खेळाडू इतक्या वेळा पाने टाकत नाही. पण त्या गणितात एक गोष्ट धरलेली नव्हती. फ्लॉपपूर्वी ब्लफला कॉल मिळाला, म्हणजे समोरच्याने तेवढेच पैसे घातले, म्हणून तो मरत नाही, त्याच्यापुढे अजून पाच पाने यायची असतात. शेवटच्या पानानंतर पॉटएवढी बोली लावताना तीन संचांत एकच ब्लफ ठेवावा लागतो, कारण तेव्हा ब्लफकडे काहीच उरलेले नसते. फ्लॉपपूर्वी ब्लफचे प्रमाण त्याहून बरेच अधिक ठेवता येते, मात्र त्यासाठी निवडलेल्या पानांत पुढे काही घडण्याची ताकद हवी. ‘ब्लफ करायचा तर कोणतेही पान चालते’ हा समज माझ्या डोक्यातून गेला तो इथे.

मग ताकदीची बाजू मोजली. तीन वरच्या जोड्या आणि एक्का-राजा यांच्या जोडीला गुलामांची जोडी (6) आणि एक्का-राणी सूटेड, म्हणजे दोन्ही एकाच छापाची (4), घेतली, म्हणजे 44 संच झाले. ब्लफच्या बाजूला मी प्रथम सत्ती-छक्की, छक्की-पंजी आणि पंजी-चव्वी ही सूटेड पाने लिहिली, कारण ती पुढे सिक्वेन्स किंवा फ्लश करतात आणि कॉल मिळाला तरी समोरच्याच्या मोठ्या पानांखाली दबून जात नाहीत. त्यानंतर एक्का-पंजी सूटेड हा संच सगळे अभ्यासू खेळाडू ब्लफसाठी का घेतात, हे मला समजून घ्यायचे होते. नुसते ‘ब्लॉकर’ (समोरच्याची मोठी पाने अडवणारा पत्ता) असे उत्तर मला पुरले नाही, म्हणून तेही मोजून पाहिले. समोरचा फक्त एक्के, राजे, राण्या आणि एक्का-राजा या चार गटांवर चौथी बोली लावतो असे धरले, तर त्याच्याकडे 34 संच असू शकतात. माझ्या हातात एक एक्का असला की एक्क्यांच्या जोडीचे 6 संच 3 वर येतात आणि एक्का-राजाचे 16 संच 12 वर. 34 चे 27 होतात. ज्या पानांची मला भीती आहे, त्यांतील एक पंचमांश पाने माझ्या हातातल्या एका पत्त्याने खेळातूनच बाहेर गेली. सत्ती-छक्की हातात असताना ते 34 चे 34 राहतात. शिवाय पंजीमुळे एक्का-दुर्री-तिर्री-चव्वी-पंजी हा सिक्वेन्स होऊ शकतो, जो एक्का-नव्वीला शक्य नाही. ही दोन ओळींची बेरीज मी आजही वहीत उघडून पाहतो, कारण या खेळात ‘जाणवणे’ आणि ‘असणे’ यांतले अंतर इतक्या स्वच्छपणे फार कमी ठिकाणी दिसते.

एक्क्याबरोबर दुर्रीपासून पंजीपर्यंत सूटेड पानांचे 16 संच, आणि सत्ती-छक्कीपासूनच्या त्या तीन सूटेड जोडगोळ्यांचे 12. असे 28 ब्लफ. 44 आणि 28 मिळून 72 संच, म्हणजे 5.4 टक्के. माझ्या आधीच्या प्रमाणाच्या दुप्पट. तज्ज्ञांच्या तक्त्यांपेक्षा ते अजूनही बरेच सावध होते, पण ते माझे होते आणि त्यातील प्रत्येक संच तिथे का आहे हे मला सांगता येत होते.

इथपर्यंत सगळे बरे चालले आणि मग मी एक मोठी चूक केली. चुकीचे कारण कागदावरचा तक्ता होता. पोकरची पाने तेरा आडव्या आणि तेरा उभ्या चौकोनांच्या तक्त्यात मांडतात : कर्णावर 13 जोड्या, कर्णाच्या एका बाजूला 78 सूटेड आणि दुसऱ्या बाजूला 78 ऑफसूट, म्हणजे वेगवेगळ्या छापांची. डोळ्यांना हे 169 चौकोन सारखेच दिसतात. दोन-तीन आठवडे नव्या तक्त्याने खेळल्यावर, लोक अजूनही सहज पाने टाकत आहेत हे पाहून मला हुरूप आला आणि मी एक्का-दुर्री ते एक्का-पंजी हे चार ऑफसूट चौकोनही रंगवून टाकले. चारच तर चौकोन आहेत, असे वाटले. पण जोडीच्या चौकोनात 6 संच असतात, सूटेडमध्ये 4 आणि ऑफसूटमध्ये 12. त्या चार चौकोनांत 48 संच होते. ताकदीच्या माझ्या सगळ्या 44 पेक्षाही जास्त. ब्लफ 28 वरून एकदम 76 वर गेले आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. एखाद्या इमारतीच्या नकाशात खिडक्यांची संख्या मोजून काचेचा खर्च काढावा आणि खिडकीचे माप पाहूच नये, तसे हे झाले होते, आणि ही चूक माझ्या हाताखालच्या मुलाने कार्यालयात केली असती तर मी त्याला पुन्हा मोजायला बसवले असते.

परिणाम दिसायला वेळ लागला नाही. नेहमीच्या टेबलांवरील दोन-तीन जाणकार खेळाडूंनी माझ्यावर चौथी बोली लावायला सुरुवात केली. मी 11 केले की ते 24 करायचे आणि मी पाने टाकायचो. दिवस वाईट चालला आहे, असे मी काही काळ स्वतःला समजावत राहिलो. शेवटी सांगलीला महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या मित्राला सगळे हात पाठवले. तो स्वतः पोकर खेळत नाही, पण आकड्यांना घाबरतही नाही. त्याने दुसऱ्या दिवशी फोन केला आणि पहिलाच प्रश्न विचारला : ‘‘तू पानं किती वेळा टाकतोस हे राहू दे. त्याला फायदा व्हायला तू किती वेळा टाकायला हवीस, ते काढलंस का?’’

ते मी काढले नव्हते. आम्ही फोनवरच काढले. चौथी बोली लावणारा अडीचवरून 24 वर जातो, म्हणजे नवे साडेएकवीस घालतो. पॉटमध्ये त्याचे अडीच, माझे 11 आणि स्मॉल ब्लाइंडचा अर्धा मिळून 14 आहेत. साडेएकवीस भागिले साडेपस्तीस, म्हणजे 60.6 टक्के. मी शंभरात 61 वेळा पाने टाकली की त्याला हातातली पाने पाहायचीही गरज उरत नाही. माझ्या मूळ 72 संचांच्या तक्त्यात मी 28 ब्लफ, गुलामांची जोडी आणि एक्का-राणी सूटेड असे 38 संच टाकत होतो. 53 टक्के, म्हणजे सुरक्षित. 48 ऑफसूट संच आल्यावर एकूण 120 झाले आणि त्यांतील 86 मी टाकत होतो, 71.7 टक्के. ‘‘म्हणजे दार सताड उघडं ठेवलंयस,’’ मित्र म्हणाला. समतोल बिघडला म्हणजे नेमके काय होते, हे मला त्या संध्याकाळी समजले. आधी माझे पारडे सगळे ताकदीकडे झुकलेले होते, म्हणून मला पैसे मिळत नव्हते. आता ते ब्लफकडे झुकले, म्हणून माझे पैसे जात होते. पहिल्या चुकीत न मिळालेले पैसे कोठे दिसत नाहीत, एवढाच दोन्हींत फरक होता, आणि म्हणूनच पहिली चूक मी कित्येक वर्षे बाळगू शकलो.

ऑफसूट चौकोन मी त्याच रात्री खोडले. त्यानंतर तक्त्यातील प्रत्येक चौकोनात पेन्सिलीने संचांची संख्या लिहिण्याची सवय लावून घेतली आणि प्रत्येक पानाच्या तळाशी तीन बेरजा ठेवल्या : ताकद किती, ब्लफ किती, आणि चौथ्या बोलीला यांतील किती टिकतील. तिसरी बेरीज सर्वांत महत्त्वाची आहे, असे माझे मत आहे. परत वाढवण्याविषयी बोलताना लोक पहिल्या दोन बेरजांवरच थांबतात.

चौथ्या बोलीला टिकणाऱ्या पानांचा विचार करताना आणखी एक गोष्ट समोर आली. आतापर्यंत ब्लफची सगळी पाने चौथी बोली आली की मी टाकत होतो. सॉल्व्हर, म्हणजे दोन्ही बाजूंची एकमेकांविरुद्ध सर्वोत्तम चाल शोधणारा संगणकी कार्यक्रम, तसे करत नाही. तो एक्का-पंजी सूटेडने कधीकधी सगळे पैसे मध्ये ढकलतो. ब्लॉकरचे तेच गणित इथे पुन्हा लागू होते, आणि राजे किंवा राण्या यांनी कॉल केला तरी त्या पानांना साधारण तीनांत एक संधी असते. मला हे पटायला महिनाभर लागला, कारण एक्का-पंजीवर शंभर ब्लाइंड लावणे माझ्या स्वभावातच नव्हते. ते मी अजूनही फार थोड्या खेळाडूंविरुद्ध करतो.

या सगळ्या कामात नोंदींनी आणखी एक गोष्ट उघड केली, जिचा पानांच्या निवडीशी संबंधच नव्हता. मी राण्यांवर आणि गुलामांवर 12-13 ब्लाइंडपर्यंत वाढवत होतो, कारण समोरच्याने पाने टाकलेली बरी असे मनात असे. आणि एक्क्यांवर 9 करत होतो, कारण त्याने राहावे असे वाटे. तक्ता कितीही समतोल असला तरी रकमेतूनच मी माझी पाने सांगत होतो. त्यावर उपाय सोपा होता आणि तो मी लगेच केला : समोरच्याच्या नंतर खेळायची जागा असेल तर अडीचच्या बोलीवर 8, आधी खेळावे लागणार असेल तर 11, मग हातात काहीही असो. आधी खेळणाऱ्याने जास्त वाढवायचे, कारण पुढच्या तिन्ही फेऱ्यांत त्याला आंधळेपणाने पहिले बोलावे लागते आणि समोरच्याला स्वस्तात आत घेणे त्याला परवडत नाही.

जागेचा विचार आला की एकच तक्ता पुरत नाही. पहिल्या जागेवरून बोली लावणाऱ्याची पाने भक्कम असतात. त्याच्याविरुद्ध माझा तक्ता आक्रसतो आणि ब्लफ अगदी मोजके उरतात. बटनवाला जवळपास निम्म्या पानांवर बोली लावू शकतो. त्याच्याविरुद्ध तो पसरतो. स्मॉल ब्लाइंडवर तर मी कॉल करणे जवळजवळ सोडूनच दिले. तिथून कॉल केला तर बिग ब्लाइंड मागे बसलेला असतो, पुढच्या सगळ्या फेऱ्या आपणच आधी खेळायच्या असतात, आणि जिथे फ्लॉप उघडल्याशिवाय रेक, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा वाटा, कापला जात नाही तिथे फ्लॉपपूर्वी जिंकलेला पॉट पूर्ण मिळतो. म्हणून स्मॉल ब्लाइंडवर वाढवायचे किंवा टाकायचे. पण तिथे कॉल नसल्यामुळे तक्त्याचा आकारही बदलतो : मध्यम ताकदीची पाने, म्हणजे दश्शीची जोडी, एक्का-गुलाम सूटेड, राजा-राणी सूटेड, जी बिग ब्लाइंडवर मी बहुतेक वेळा कॉलमध्ये ठेवतो, ती इथे वाढवण्यात येतात. तक्ता वरपासून खाली सलग भरत जातो, मधे पोकळी राहत नाही. बिग ब्लाइंडवर मात्र ही मधली पाने कॉलच्या गटाला जपण्यासाठी तिथेच राहिली पाहिजेत. चांगली सगळी पाने वाढवण्यात ओतली तर नुसता कॉल केला की आपण दुबळे आहोत हे समोरच्याला कळते, आणि समतोल ही केवळ वाढवण्याच्या तक्त्याची गोष्ट नाही हे मला त्यातून उमगले.

काही पाने दोन्हीकडे बसतात. पंजी-चव्वी सूटेडने सॉल्व्हर कधी वाढवतो, कधी कॉल करतो. माणसाला मनाने निम्म्या वेळा काही करणे जमत नाही. हरत असताना मी ते पान प्रत्येक वेळी वाढवत होतो आणि जिंकत असताना प्रत्येक वेळी कॉल करत होतो. म्हणून नाणेफेक पानांवरच सोपवली : इस्पिक किंवा किलवर असेल तर वाढवायचे, बदाम किंवा चौकट असेल तर कॉल. सूटेडचे चारच संच असतात, दोन काळे आणि दोन लाल, त्यामुळे प्रमाण नेमके निम्मे राहते आणि माझ्या मनःस्थितीला त्यात जागा उरत नाही. पाव प्रमाण हवे असेल तर फक्त इस्पिक. या साध्या युक्तीने मला जितकी शिस्त लावली तितकी कोणत्याही तक्त्याने लावली नाही.

2017 च्या जानेवारीत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्रेटस’ या पोकर खेळणाऱ्या संगणकी कार्यक्रमाने पिट्सबर्गमध्ये चार व्यावसायिक खेळाडूंना 1,20,000 हातांत हरवले. त्या सामन्यातली मला सर्वांत भावलेली गोष्ट विजयाची नाही. दिवसभर खेळाडू त्या कार्यक्रमाच्या चालींत भगदाडे शोधत, आणि रात्री तो कार्यक्रम, ज्या ठिकाणी खेळाडूंनी नेम धरला होता त्या जागा बुजवत असे. माझ्या वहीचे कामही, फार लहान प्रमाणावर, तेच आहे.

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा झाला आणि भारतात पैसे लावून ऑनलाइन पोकर खेळणे बंद झाले. माझ्या नोंदींचा झरा त्यामुळे आटला. आता अभ्यास घरी सॉल्व्हरवर होतो आणि प्रत्यक्ष खेळ वर्षातून चार-पाच वेळा गोव्यात. फेब्रुवारी 2020 पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला मनाई आहे, त्यामुळे टेबलावर मुंबई, बेंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद, दिल्ली इथले लोक भेटतात, आणि तिथला खेळ कागदावरच्या खेळापेक्षा निराळा असतो. पहिली बोलीच चार-पाच ब्लाइंडची असते, मग दोघे कॉल करतात, आणि परत वाढवले तरी बरेच जण पाने टाकत नाहीत. तिथे तक्त्यातले निम्मे ब्लफ मी मुद्दाम काढून ठेवतो आणि दश्शीची जोडी, एक्का-गुलाम, राजा-राणी यांवर पैशासाठी वाढवतो. ज्याला टाकायचेच नाही त्याच्यासमोर समतोल राखणे म्हणजे आपलेच नुकसान करून घेणे होय. मात्र किती काढले आणि का काढले, हे सांगता येण्यासाठी मूळ तक्ता डोक्यात पक्का असावा लागतो. बांधकामात मूळ नकाशा असेल तरच त्यापासूनचा फेरफार मोजता येतो आणि त्याचे वेगळे बिल लावता येते.

गेल्या डिसेंबरातला एक हात मी वहीत पूर्ण लिहून ठेवला आहे. पुन्हा 100-200 चेच टेबल. बटनवर बेंगळुरूचा एक तरुण मुलगा होता, तिथल्या बहुतेकांपेक्षा वेगळा, प्रत्येक हात शेवटपर्यंत पाहणारा. त्याने 800 केले. मी बिग ब्लाइंडवर एक्का-पंजी किलवर पाहिली आणि 3,400 केले. 1,100 च्या पॉटसाठी मी 3,200 घातले होते. नुसता ब्लफ म्हणून त्याने शंभरात 74 वेळा पाने टाकायला हवी होती, आणि तो टाकणारा नव्हता. त्याने कॉल केला. पॉट 6,900 झाला. फ्लॉप आला : राजा, सत्ती, दुर्री, तीन वेगवेगळ्या छापांची. माझ्या हातात काहीही नव्हते. पण माझ्या तक्त्यात राजांची जोडी होती, एक्का-राजा होता, एक्क्यांची जोडी होती. त्याच्याकडे ती पाने असती तर त्याने फ्लॉपपूर्वीच चौथी बोली लावली असती. मी 2,300 लावले, पॉटच्या एक तृतीयांश, जेवढे मी तिथे एक्का-राजावर लावले असते तेवढेच. तो बराच वेळ बसून राहिला, डीलरने एकदा हळूच टेबलावर बोट आपटले, आणि मग त्याने नव्वीची जोडी उताणी करून टाकली.

‘‘एक्का-राजा?’’ त्याने हिंदीत विचारले. मी उत्तर दिले नाही. त्याच्या जागी बसून मी तो हात नंतर तपासला. नव्व्यांना तिथे एकदा तरी कॉल करायलाच हवा, कारण तेवढ्या लहान बोलीला फार थोड्या संधीची गरज लागते. त्या अर्थी त्याने चूक केली. पण माझ्याकडे एक्का-राजा असता तर ती चूक नव्हती, आणि मी तिथे यांपैकी काय घेऊन बसलो आहे हे त्याला ओळखता आले नाही. एका हातावरून माझा तक्ता बरोबर ठरत नाही, हे मी त्या नोंदीखाली लिहून ठेवले आहे.

सध्या वहीत स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड या दोघांचेच पान चालू आहे. बाकी सगळ्यांनी पाने टाकली, स्मॉल ब्लाइंडने तीन ब्लाइंडची बोली लावली, आणि मी त्याच्यानंतर खेळणार. जागा माझी चांगली, पॉट लहान, आणि दोघांचीही पाने विस्कळीत. इथे ब्लफसाठी राजासोबतची लहान सूटेड पाने घ्यावीत की एक्क्यासोबतची, हे माझे अजून ठरत नाही. एक्क्याची पाने इथे नुसती कॉल करून खेळायलाही फार चांगली आहेत. राजा-चव्वी ते राजा-सत्ती या चार चौकोनांत पेन्सिलीने प्रत्येकी 4 लिहिले आहेत, आणि तळाची तिसरी बेरीज अजून कोरी आहे.